किती टक्के पडले?

टक्केवारीचा होमब्रूअर ही घरी बियर करणाऱ्या मंडळींमधली एक स्वतंत्र जात आहे. बाकीचे होमब्रूअर बियर करतात आणि तिच्याविषयी चार आकडे वहीत टिपून ठेवतात. हा आधी आकडे तयार करतो आणि ते खरे ठरावेत म्हणून शनिवारी बियर करतो. बियर चांगली झाली तर त्याला आनंद होतो, नाही असे नाही. पण ती 1.054 घनतेची होणार असे लॅपटॉपने गुरुवारीच सांगितले होते आणि ती 1.054 च झाली, हा आनंद वेगळा. पहिला आनंद चार मित्रांत वाटता येतो. दुसरा सांगायला जावे तर समोरचा माणूस घड्याळ बघू लागतो.

या जातीची मुख्य वस्ती अमेरिकेत आहे. तिथली दारूबंदी 1933 साली उठली, पण घरी बियर करायला केंद्राच्या कायद्याने मोकळीक मिळायला 1978 उजाडले. त्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी विधेयकावर सही केली आणि फेब्रुवारी 1979 पासून ते अमलात आले. घरात एकच प्रौढ माणूस असेल तर वर्षाला 100 गॅलन आणि दोन किंवा अधिक असतील तर 200 गॅलन बियर करमाफ, मात्र विकायची नाही, असा हा नियम. राज्यांनी आपापल्या सवडीने मान डोलावली. अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची दोन राज्ये 2013 मध्ये आली. पत्नीचे या छंदाविषयी मत काहीही असो, कायद्याने तिच्या नावावर 100 गॅलन चढलेले असतात, आणि तो ते मोठ्या अदबीने वापरतो.

महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे मराठी होमब्रूअर फुलतो तो बहुधा न्यू जर्सी, सिअ‍ॅटल किंवा बे एरियात, स्वतःचे घर, घराला गॅरेज आणि गॅरेजला नळ मिळाल्यानंतर. पेशाने तो सहसा सॉफ्टवेअरमध्ये असतो. दिवसभर दुसऱ्यांच्या आकड्यांवर राबणाऱ्या माणसाला शनिवारी स्वतःचे आकडे हवेसे वाटतात, यात नवल नाही.

त्याची वंशावळ मात्र मोठी आहे. 1784 मध्ये जॉन रिचर्डसन या इंग्रज ब्रूअरने वर्टची, म्हणजे माल्टमधून निघणाऱ्या गोड पाण्याची, घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर पुस्तक लिहिले, आणि कोणत्या माल्टमधून किती साखर उतरते हे ब्रूअरीच्या मालकांना प्रथमच आकड्यांत दिसू लागले. तपकिरी माल्ट स्वस्त असूनही महाग पडते, कारण फिक्या माल्टमधून जास्त उतारा मिळतो, हे कळल्यावर लंडनच्या पोर्टर बियरची घडणच बदलली. पुढे 1899 मध्ये डब्लिनच्या गिनेस कंपनीत विल्यम सीली गॉसेट हा तरुण रुजू झाला. माल्ट-हॉप्सचे मोजकेच नमुने तपासून सगळ्या मालाविषयी किती खात्रीने बोलता येईल, हा त्याच्यापुढचा प्रश्न. त्याचे उत्तर त्याने 1908 मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापले आणि संख्याशास्त्राला टी-चाचणी मिळाली. एका मोजणीवर विसंबू नये, हे गॉसेटने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेवले आहे. त्याचा हा वंशज एकदाच मोजतो आणि उत्तर दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत लिहितो.

अमेरिकेतल्या चळवळीचे आद्यपुरुष चार्ली पपेझिअन यांच्याकडे अणुअभियांत्रिकीची पदवी होती. 1978 मध्ये त्यांनी होमब्रूअरांची राष्ट्रीय संघटना उभी केली आणि आयुष्यभर लोकांना एकच सांगितले, की फार चिंता करू नका, स्वतःची बियर प्या आणि स्वस्थ बसा. अणुभट्टीचे शिक्षण घेतलेल्या माणसाने बादलीतल्या बियरबद्दल निर्धास्त राहायला सांगावे आणि सॉफ्टवेअरवाल्याने त्याच बादलीसाठी रात्र जागवावी, ही या छंदातली मोठी विसंगती आहे.

टक्केवारीवाल्याचे वेड समजून घ्यायचे तर हे टक्के कशाचे, म्हणजे कार्यक्षमता म्हणजे काय, ते आधी पाहावे लागते. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. ती भरडून 67 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजवली की तिच्यातली विकरे पिष्टाची साखर करतात. याला मॅश म्हणतात. मग ते गोड पाणी निथळून घेतात आणि चोथ्यावर आणखी गरम पाणी सोडून उरलीसुरली साखर धुऊन काढतात. हाताशी आलेल्या गोड पाण्याला वर्ट हे नाव. त्यात कडवटपणासाठी हॉप्स घालून ते तासभर उकळायचे, निववायचे, फर्मेंटरमध्ये ओतायचे आणि यीस्ट सोडायचे. बार्लीतून जास्तीत जास्त जितकी साखर मिळू शकते, त्यापैकी किती पदरात पडली याचे शेकडा प्रमाण म्हणजे कार्यक्षमता.

हिशेब सोपा आहे. घनता 1.054 असेल तर तिला 54 पॉइंट म्हणतात. पॉइंटांना लिटरने गुणले की साखरेचा एकूण साठा कळतो. शुद्ध साखरेच्या एका किलोचे असे सुमारे 384 पॉइंट होतात. चांगल्या फिक्या माल्टच्या किलोचे 300 धरायला हरकत नाही. पाच किलो माल्ट घेतले तर कमाल 1500. फर्मेंटरमध्ये 20 लिटर वर्ट 54 पॉइंटांचे आले, तर पदरात पडले 1080. 1080 भागिले 1500, म्हणजे 72 टक्के. पाचवीतल्या मुलाने पाटीवर करावे इतके हे गणित, आणि त्यासाठी बाजारात सॉफ्टवेअर मिळते.

सॉफ्टवेअर पूर्वीपासून आहे. 1990 च्या दशकात प्रोमॅश चालत असे. 2003 मध्ये ब्रॅड स्मिथ यांनी बियरस्मिथ आणले, पुढे फोनवर चालणारे ब्रूफादर आले. या प्रोग्रॅमांत माल्ट, हॉप्स आणि यीस्टच्या लांबलचक याद्या असतात. रंगासाठी मोरी यांचे सूत्र असते आणि कडवटपणासाठी ग्लेन टिनसेथ यांचे. माल्टचे वजन भरले की घनता, हॉप्सची वेळ भरली की कडवटपणा, आणि दोन्हींची घालमेल केली की बियर कोणत्या शैलीत बसते ते रंगीत पट्ट्यांवर दिसते. पट्टी हिरवी झाली की माणसाला अर्धी बियर झाल्यासारखी वाटते.

पण सॉफ्टवेअरला एक गोष्ट ठाऊक नसते, ती म्हणजे कार्यक्षमता. ती वापरणाऱ्यानेच सांगायची असते. बियरस्मिथ सुरुवातीला स्वतःहून 72 भरून ठेवतो, कारण काहीतरी भरायला हवे. पुढे तो त्या 72 वरून घनतेचे भाकीत करतो, आणि बियर झाल्यावर मोजलेली घनता भरली की खरे टक्के किती पडले ते सांगतो. म्हणजे माणूस आपला अंदाज यंत्राला सांगतो, यंत्र तोच अंदाज टापटिपीने परत करते, आणि माणूस त्याला यंत्राचा निर्णय समजतो. टक्केवारीच्या होमब्रूअरचे निम्मे दुःख या गैरसमजातून येते.

उरलेले निम्मे पाण्यातून. फर्मेंटरमध्ये 20 लिटर हवे असेल तर सुरुवातीला 32 लिटर पाणी घ्यावे लागते. किलोमागे सुमारे एक लिटर या हिशेबाने पाच लिटर पाणी चोथाच पिऊन टाकतो. एक लिटर मॅशच्या भांड्यात तोटीच्या पातळीखाली अडकून पडते. राहिले 26, पण ते गरम असताना पातळी 27 ची दिसते, कारण उकळीजवळचे पाणी निवताना सुमारे चार टक्के आकसते. तासाभराच्या उकळीत चार लिटर वाफ होते. उरलेल्या 22 पैकी दोन लिटर हॉप्सच्या आणि प्रथिनांच्या गाळासकट तळाशी राहतात. फर्मेंटरमध्ये 20 येतात, त्यातले एक लिटर यीस्टच्या साक्यात जाते. पाच गॅलनच्या केगमध्ये मावते 18.9. राहिलेला घोटभर हायड्रोमीटरच्या नळीतून त्याच्याच पोटात जातो आणि त्याचीही नोंद होते.

या सगळ्या गळतीच्या जमाखर्चाला सॉफ्टवेअरच्या भाषेत उपकरणांची प्रोफाइल म्हणतात. प्रत्येकाचे भांडे वेगळे, शेगडी वेगळी, भांड्याचे तोंड वेगळे. म्हणून प्रत्येकाची वाफही वेगळी. दुसऱ्याची प्रोफाइल घेऊन चालत नाही. त्यामुळे पहिल्या शनिवारी तो बियर करतच नाही. ड्राइव्ह-वेमध्ये शेगडी लावून तो 26 लिटर नुसते पाणी तासभर उकळतो आणि दर पंधरा मिनिटांनी त्यात स्टीलची पट्टी बुडवून पातळी वाचतो. शेजारी कुत्र्याला फिरवत येतो आणि काय चालले आहे म्हणून विचारतो. पाणी उकळतो आहे, असे उत्तर मिळाल्यावर तो कुत्र्याला घेऊन पलीकडच्या फुटपाथवरून जातो.

पाणी कुठे मुरते ते असे शोधून झाल्यावर टक्क्यांचे प्रकार सुरू होतात. उकळीआधीच्या वर्टवरून काढलेले टक्के म्हणजे मॅशची कार्यक्षमता. वरच्या उदाहरणात साखर 1188 पॉइंटांची निघाली, म्हणजे 79 टक्के. त्यातून गाळातले दोन लिटर वजा करून फर्मेंटरमधले टक्के काढले की 72. बियर तीच, भांडे तेच, शनिवारही तोच. मॅशचा आकडा नेहमी मोठा दिसतो, आणि म्हणूनच ब्रूअरांच्या क्लबात तो जास्त ऐकू येतो. एकजण 80 सांगतो, दुसरा 72 सांगून ओशाळतो. दोघांची बियर सारखीच असू शकते हे तिसऱ्याला ठाऊक असते, पण तो बोलत नाही, कारण त्याला 65 पडलेले असतात.

याच ठिकाणी मराठी होमब्रूअर इतर वंशांच्या होमब्रूअरांहून वेगळा ओळखू येतो. दहावीच्या निकालाच्या दिवशी ज्याच्या घरी गल्लीतल्या प्रत्येकाने ‘किती टक्के पडले?’ असे विचारून पेढा खाल्ला आहे, त्याच्यासमोर टक्क्यांचा चौकोन असलेले सॉफ्टवेअर ठेवणे हेच मुळात धोक्याचे. 72 टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, डिस्टिंक्शनला तीन कमी. अमेरिकन ब्रूअर 72 ला यंत्रावरची एक खूण समजतो. मराठी ब्रूअरला वडिलांचा चेहरा दिसतो. दोन मराठी होमब्रूअर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटले, तर आरती संपून प्रसाद हातात पडताच एकजण हळूच विचारतो, “मग, गेल्या बॅचला किती?” दुसरा म्हणतो, “अठ्ठ्याहत्तर. पण पेपर सोपा होता, साधी ब्लाँड होती.” बियरविषयी एवढे बोलून झाले की दोघे समाधानाने मोदकाकडे वळतात.

बॅचचा दिवस पहाटे सुरू होतो. सॉफ्टवेअरने मॅशसाठी 15 लिटर आधण 73.4 अंशांवर आणायला सांगितलेले असते, म्हणजे त्यात 20 अंशांचे पाच किलो माल्ट पडले की तापमान नेमके 67 होईल. त्याच्याकडे तीन थर्मामीटर असतात. एक 73.1 दाखवतो, दुसरा 73.6, तिसरा 74. एकच थर्मामीटर असलेल्या माणसाला तापमान माहीत असते. तीन असलेला माणूस सरासरी काढतो. माल्ट ओतले जाते, लाकडी पळीने गुठळ्या मोडल्या जातात, झाकण बसते, आणि झाकणावर जुनी रजई येते. हजार डॉलरांची सामग्री आणि शेवटी रजई, हे दृश्य बहुतेक गॅरेजांत सारखेच असते.

तासाभराने निथळणे सुरू होते. पहिले वर्ट गढूळ असते, ते भांड्याने पुन्हा चोथ्यावर हळुवार सोडावे लागते. हळूहळू चोथ्याचाच थर गाळणीचे काम करू लागतो आणि धार काचेसारखी स्वच्छ होते. या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर आकडे नसतात. पातेल्यावर वाकून तो वास घेतो. भाजलेल्या पोळीचा, उसाच्या काकवीचा, ओल्या गवताचा असा काहीसा वास येत असतो. साधारण दीड मिनिट असे जाते. मग फोनचा टायमर वाजतो आणि तो रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर वर्टचे दोन थेंब टाकून एक डोळा मिटतो.

संध्याकाळी निकाल लागतो. सॉफ्टवेअरने 1.054 सांगितले होते, हायड्रोमीटर 1.051 दाखवतो. तीन पॉइंट गेले, म्हणजे चार टक्के गेले. 68. ऐन वेळी माल्टची तयार पावडर वर्टमध्ये विरघळवून घनता वर उचलता येते, पण तो ते करत नाही. त्याच्या दृष्टीने ते ग्रेस मार्क.

मग चौकशी बसते. संशयित बरेच असतात. भांड्याच्या काचनळीवर अर्धा लिटर चुकीचा वाचला तर सुमारे दोन टक्के इकडचे तिकडे होतात. वजनकाटा पाच किलोमागे शंभर ग्रॅमने चुकला तर आणखी दीड. हायड्रोमीटर साधारणपणे 20 अंशांवर वाचायचा असतो. नमुना 32 अंशांचा असतानाच वाचला तर बरोबर तीन पॉइंट कमी दिसतात. म्हणजे जे चार टक्के हरवले म्हणून घर डोक्यावर घेतले जाते, ते कित्येकदा हरवलेलेच नसतात. नमुना अजून दहा मिनिटे निवू दिला असता तर जागच्या जागी सापडले असते. ही शक्यता त्याच्या यादीत असते, पण शेवटून पहिली. कारण तिच्यावरचा उपाय फुकट आहे.

वर असतो तो माल्टच्या गिरणीचा संशय. दुकानाच्या गिरणीने भरड जाड काढली, दाणे अर्धवट राहिले, म्हणून साखर सुटली नाही, असा निष्कर्ष निघतो आणि स्वतःची दोन रुळांची गिरणी घरी येते. रुळांमधली फट मिलिमीटरभर ठेवायची की 0.9, यासाठी गॅरेजवाले मेकॅनिक वापरतात ती पात्यांची मापपट्टी येते. फट कमी केली की टक्के खरोखरच वाढतात, पण मर्यादेपर्यंत. भरड फार बारीक झाली की टरफले फाटतात, चोथ्याचा चिखल होतो आणि निथळणे ठप्प होते. यावर उपाय म्हणून भाताची तुसे मिसळतात. ती चोथ्याला पोकळ ठेवतात. कोकणात ज्याचे गिरणीबाहेर ढीग पडतात, तो माल इथे पाकिटात, पौंडावर, पावती घेऊन विकत आणला जातो. गावी फोनवर हे सांगितल्यावर पलीकडून बराच वेळ काही ऐकू येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे चोथा आणखी धुणे. हाही एका हद्दीपर्यंतच लाभतो. शेवटचे पाणी पातळ होत जाते, त्याचा पीएच सहाच्या आसपास चढतो आणि टरफलांतले टॅनिन उतरू लागते. मग बियरला जास्त उकळलेल्या चहासारखा तुरटपणा येतो. टक्के 83 आणि बियर तुरट, असा निकाल लागला तर तो काही दिवस बियरपेक्षा टक्के पुढे करतो.

अर्थशास्त्राच्या बाजूनेही हा उद्योग पाहण्यासारखा आहे. 72 वरून 80 वर गेल्यास पाच किलोच्या जागी साडेचार किलो माल्ट पुरते. वाचले अर्धा किलो. पोत्याने घेतलेल्या माल्टच्या भावात ही बचत एका बॅचमागे डॉलर-दीड डॉलरची. या बचतीसाठी गिरणी, गिरणीला ड्रिल, मापपट्टी, चौथा थर्मामीटर आणि पीएच मीटर असा खर्च झालेला असतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे प्रमाण याच्यापुढे काटकसरीचे वाटावे. मोठ्या ब्रूअरीत एक टक्का म्हणजे वर्षाकाठी ट्रकच्या ट्रक माल्ट, म्हणून तिथे टक्क्यांवर माणसे नेमतात. पाच गॅलनवाला तीच काळजी विनावेतन वाहतो.

या जातीच्या पोटजाती चार. पहिला प्रोफाइलवाला, दर बॅचनंतर तो वाफेचा आकडा 3.8 चा 3.9 करतो आणि प्रोफाइलची नवी प्रत साठवतो. जुन्याही ठेवतो, कारण कोणती खरी हे अजून ठरायचे असते. दुसरा एक्सेलवाला; त्याचा कोणत्याही तयार प्रोग्रॅमवर विश्वास नसतो. टिनसेथचे सूत्र त्याने स्वतः एक्सेलच्या चौकोनात भरलेले असते, आणि त्या फाइलमध्ये हात घालण्याची मुभा घरात कोणालाच नसते. तिसरा पाणीवाला, तो नळाचे पाणी गाळून आधी पूर्ण निर्गुण करतो आणि मग त्यात जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराइड ग्रॅमच्या दशांशात तोलून घालून त्याला दुसऱ्या एखाद्या शहराचे गुण आणतो. न्यू जर्सीतल्या तळघरात बर्टन-ऑन-ट्रेंटचे पाणी तयार होते. घरातला चहा मात्र न्यू जर्सीचाच. चौथा उलट्या वाटेने जाणारा. बारावीच्या फिजिक्सच्या जर्नलात आधी उत्तर लिहून मग वाचने भरण्याचे शिक्षण त्याला मिळालेले असते. हायड्रोमीटर 1.051 दाखवो की 1.049, तो माल्टची गुणवत्ता, ओलावा आणि गाळाचे लिटर असे काही जुळवतो की टक्के 75 च येतात. चौघांत सर्वांत सुखी हाच.

कुटुंबात या गृहस्थाविषयी मते वेगवेगळी असतात. पाच किलो माल्टमागे सात किलोच्या घरात ओला चोथा उरतो, तो कुठे टाकायचा हा पत्नीचा प्रश्न. सुरुवातीला त्याची थालीपिठे होतात. टरफले दातांत अडकतात, तरी पहिल्या खेपेला सगळे छान म्हणतात. पुढच्या खेपेपासून चोथा बागेतल्या खताच्या खड्ड्यात जातो. मुलांना वडिलांच्या छंदामुळे अपूर्णांक लवकर येतात. शाळेत त्यांनी उदाहरण म्हणून काय सांगायचे, एवढाच प्रश्न उरतो.

खरी कसोटी उन्हाळ्यात पुण्याहून सासरे आले की लागते. जावई केगच्या तोटीतून ग्लास भरतो, तिरका धरून फेस दोन बोटे राखतो आणि पुढे करतो. मग सांगू लागतो, की ही अमेरिकन पेल एल आहे, सुरुवात 1.054, शेवट 1.012, म्हणजे साडेपाच टक्के, कडवटपणा 37.4. बियरच्या शैलींचे स्पर्धांसाठी प्रमाण मानले जाणारे 34 मुख्य गट त्याला तोंडपाठ असतात. सासरे ग्लास उजेडात धरतात आणि शांतपणे विचारतात, “म्हणजे स्ट्राँग का माइल्ड?”

भारतीय बाजाराची ही द्विदल पद्धत सॉफ्टवेअरमध्ये नाही. जावई थोडा घुटमळतो आणि “मधली म्हणा,” असे सांगतो. सासरे एक घोट घेतात, दुसरा घेतात, मान हलवतात. “चांगली झाली आहे हो. विकतच्यासारखीच लागते.” याहून मोठी पावती त्यांच्या मते असू शकत नाही, आणि याहून मोठा घाव जावयाच्या मते. तो धीर करून कार्यक्षमता 72 ची होती असेही सांगतो. “बहात्तर का?” सासरे विचारतात, “अठ्ठावीस कुठं गेले?” हा प्रश्न त्याला आजवर कोणत्याही क्लबात कोणी इतक्या नेमकेपणाने विचारलेला नसतो. तो उत्तर द्यायला बसतो. रात्रीचे जेवण उशिरा होते.

एवढे सगळे असूनही या आकड्याचा उपयोग खरा आहे. पाककृती एका घरातून दुसऱ्या घरात जाते ती याच आकड्याच्या आधाराने. 80 टक्केवाल्याची कृती 72 टक्केवाल्याने जशीच्या तशी केली तर बियर पाणचट होते. सॉफ्टवेअर माल्ट त्या प्रमाणात वाढवून देते आणि बियर जागेवर येते. फार तगडी बियर करायची तर त्याच पाण्यात माल्ट दीड-दोन पटीने वाढते, धुवायला पाणी कमी उरते आणि टक्के घसरतात. हे आधी ठाऊक असेल तर माणूस त्या दिवसापुरता 60 भरतो आणि फसत नाही. ज्याला दर खेपेला 68 पडतात त्याने 68 भरावे, म्हणजे घनता, रंग, कडवटपणा सगळे भाकितानुसार उतरते. कमी टक्के हा दोष नव्हे, हलते टक्के हा दोष. चांगली बियर पुन्हा तशीच करता येणे यातच ब्रूअरचे कसब, आणि त्याला 90 टक्के लागत नाहीत. नेहमीचे टक्के लागतात.

टक्केवारीच्या होमब्रूअरला हे तत्त्व पाठ असते. नवशिक्यांना तो ते आपुलकीने समजावतो आणि नमुना निवू द्यायलाही सांगतो. स्वतःच्या प्रोफाइलमधल्या 72 वर मात्र कर्सर नेऊन तो परत आणतो. वर्ष-दोन वर्षांनी कधीतरी तो तिथे 68 भरतो. पुढच्या बॅचपासून सगळे आकडे जुळू लागतात, शनिवारी शोधायला काही उरत नाही, आणि बियर फक्त बियर राहते. त्यानंतर काहीजण बियर करत राहतात आणि क्लबात कोणी टक्के विचारले तर आठवावे लागतात. बाकीचे एस्प्रेसोकडे वळतात. कॉफीच्या पुडीतून किती अंश पाण्यात उतरला हे मोजण्याचे रिफ्रॅक्टोमीटर आणि सॉफ्टवेअर तिथेही आहे. फक्त तिथे 18 ते 22 टक्के हाच उत्तम निकाल मानतात, आणि घरी हे कसे सांगायचे हा नवा प्रश्न उभा राहतो.